ट्वीडकाठचा ऋणको

एडिंबरो शहराच्या मुख्य आगगाडी-स्थानकाचे नाव ‘वेव्हर्ली’ असे आहे. हे नाव कोणा राजाचे नव्हे, सेनापतीचे नव्हे, गावाचेही नव्हे; ते एका कादंबरीचे नाव आहे. स्थानकातून बाहेर पडून प्रिन्सेस स्ट्रीट या राजरस्त्यावर आले की काळवंडलेल्या दगडाचे एक उंच शिखर दृष्टीस पडते. उंची २०० फूट ६ इंच. शिखराखालील मंडपात शुभ्र संगमरवरी मूर्ती बसलेली असून तिच्या पायाशी एक कुत्रा आहे. ही मूर्ती सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराची. स्मारकाचा आराखडा जॉर्ज मिकल केंप नावाच्या, मूळच्या सुतारकाम करणाऱ्या व स्वतःच्या परिश्रमाने शिल्पशास्त्र शिकलेल्या गृहस्थाने केला. काम पुरे होण्यापूर्वीच १८४४ साली तो कालव्यात बुडून मरण पावला. १८४६ साली १५ ऑगस्टला, स्कॉटच्या जन्मदिनी, स्मारकाचे उद्घाटन झाले. वर जाण्यास २८७ पायऱ्या आहेत. आमच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही मूर्तीस खालूनच नमस्कार केला.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त या शहरी असतात. गेल्या ज्येष्ठात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हाच मनाशी ठरविले होते की, किल्ला व राजवाडा राहिला तरी चालेल, परंतु ॲबट्सफर्ड पाहावयाचेच. ॲबट्सफर्ड म्हणजे ट्वीड नदीच्या काठी स्कॉटने बांधलेले घर. ‘आयव्हॅन्हो’ आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहात होते. ते कोशाच्या आधाराने वाचता वाचताच आम्ही इंग्रजी शिकलो. ज्याच्या पुस्तकावर आपण शिकलो त्याचे घर पाहणे हा ऋषिऋणाचाच एक प्रकार आहे, असे आम्ही मानतो.

एडिंबरोहून ट्वीडबँकपर्यंत आगगाडी जाते. हा लोहमार्ग १९६९ साली बंद पडला होता; त्याचा काही भाग २०१५ साली पुन्हा सुरू झाला. तासाभराच्या आत आपण ट्वीडबँकला पोहोचतो आणि तेथून वीस-पंचवीस मिनिटे चालले की घर येते. वाटेत गोलसर हिरव्या टेकड्या, त्यांवर चरणारी मेंढरे आणि मधून मधून दगडी कुंपणे. आपल्या सह्याद्रीची रौद्रता येथे नाही. परंतु इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरचा हा मुलूख शतकानुशतके लुटालूट, चढाया व वैरे यांनी गाजलेला होता. त्या वैरांचे पोवाडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होते आणि त्यांतूनच आमचा कादंबरीकार निपजला.

स्कॉटचा जन्म १७७१ साली एडिंबरोस एका वकिलाच्या घरी झाला. दीड वर्षाचा असता आजारात त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्यास याच मुलखातील सँडीनो येथे आजोबांच्या शेतावर ठेवले. जवळच एक पडका बुरूज आणि घरात आजी व आत्या यांच्या गोष्टी. धावता न येणाऱ्या मुलाने ऐकणे साध्य केले. पुढे वकिली करू लागल्यावरही तो सुटीत खेडोपाडी हिंडून जुने पोवाडे गोळा करी. त्या कामी त्यास साहाय्य करणारा जॉन लेडन हा याच मुलखातील डेनम गावचा. तो १८०३ साली मद्रासेस आला, पौर्वात्य भाषांत पारंगत झाला आणि १८११ साली जावा बेटात वारला. त्याने हाती घेतलेले बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतर अर्स्किनने पुरे करून १८२६ साली प्रसिद्ध केले. ट्वीडकाठचे पाणी आपल्याकडेही असे थोडे वाहून आले आहे.

स्कॉटला कीर्ती प्रथम मिळाली ती कवी म्हणून. पुढे बायरनचा उदय झाला आणि आपल्या कवितेचा बहर ओसरला हे याने ओळखले. १८१४ साली ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निघाली. परंतु तीवर कर्त्याचे नाव नव्हते. त्यानंतरच्या कादंबऱ्यांवर ‘वेव्हर्लीचा कर्ता’ एवढेच छापलेले असे. कर्ता कोण, याविषयी पुष्कळांना संशय होता. तरी खुद्द कर्त्याने तेरा वर्षे मौन पाळले. हा मनुष्य न्यायालयात कारकुनाच्या मानाच्या पदावर बसून असे, जिल्ह्याच्या न्यायाधिकाऱ्याचे काम पाही, पाहुण्यांना मेजवान्या देई. मग लिही केव्हा? तर पहाटे पाचास उठून न्याहारीपूर्वी. १८१७च्या अखेरीस निघालेल्या ‘रॉब रॉय’च्या पहिल्या आवृत्तीच्या १०,००० प्रती काही आठवड्यांतच संपल्या. ग्रंथ ही श्रीमंतांची चैन होती त्या काळातील हा आकडा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

एवढी लोकप्रियता का लाभली? आमच्या मते, त्याने इतिहास राजवाड्यातून काढून ओसरीवर आणला म्हणून. त्याच्या कथांत राजे येतात, पण कथा चालवितात ते गुराखी, भिकारी, मोलकरणी व गावठी भाषा बोलणारे शेतकरी. ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’मधील जीनी डीन्स हेच पाहा. एक खोटा शब्द बोलली तर धाकटी बहीण फाशीतून सुटते. ती खोटे बोलत नाही; परंतु बहिणीलाही सोडीत नाही. ती लंडनची वाट पायी धरते आणि राणीपुढे पदर पसरते. हेलन वॉकर नावाच्या एका खऱ्या गरीब स्त्रीच्या हकीकतीवर ही कथा उभारलेली आहे. त्या स्त्रीच्या थडग्यावर स्कॉटने १८३१ साली स्वतः शिला बसविली. सत्यही सोडावयाचे नाही आणि आपले माणूसही सोडावयाचे नाही, मग त्यासाठी कितीही चालावे लागो. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे कर्त्यावरच उलटले.

असो. आता घराकडे वळू. १८११ साली स्कॉटने येथे सुमारे ११० एकरांची एक सामान्य शेतवाडी घेतली. जुन्या काळी मठाधिपतींची माणसे येथे नदी उतरत, म्हणून त्याने तिला ॲबट्सफर्ड, म्हणजे मठाधिपतींचा उतार, असे नाव दिले. मग शेजारची जमीन, तिच्या शेजारची जमीन, असे करीत वाडी सुमारे १,४०० एकरांची झाली. १८२२ साली जुने शेतघर पाडले आणि १८२५पर्यंत बुरूज, कंगोरे व रंगीत काचा यांसह आजची वास्तू उभी राहिली. दर्शनी दालनात चिलखते. पुढे शस्त्रागारात रॉब रॉयची म्हणून दाखविली जाणारी बंदूक. ग्रंथागारात छतापर्यंत भिडलेले हजारो ग्रंथ. बाहेरून किल्ला, पण आत त्या काळी नवीनच निघालेले वायूचे दिवे. आमच्या सौभाग्यवतींनी सर्व पाहून एकच प्रश्न विचारला, “एवढ्या पाहुण्यांचे करीत कोण होते हो?” ग्रंथांतून हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. करीत होती ती शार्लट, स्कॉटची फ्रेंच वंशाची पत्नी. तिच्याविषयी पुढे येईल.

हे वैभव केवळ कादंबऱ्यांच्या पैशावर नव्हे, तर पुढे लिहावयाच्या कादंबऱ्यांच्या पैशावर उभे होते. स्कॉट हा बॅलंटाइन यांच्या छापखान्यात गुप्त भागीदार होता. छापखाना व प्रकाशक कॉन्स्टेबल हे परस्परांच्या हुंड्या स्वीकारीत आणि एका हुंडीची मुदत भरली की दुसरी काढून ती भागवीत. आपल्याकडील पेढ्यांच्या व्यवहाराची ज्यांना माहिती आहे त्यांना या मार्गाचा शेवट सांगावयास नको. १८२५च्या अखेरीस लंडनच्या बाजारात हाहाकार उडाला आणि जानेवारी १८२६मध्ये कॉन्स्टेबल बुडाला, त्याबरोबर बॅलंटाइन, आणि भागीदार म्हणून स्कॉट. त्याच्या शिरावर सुमारे १,२०,००० पौंडांचे ऋण आले. वय चौपन्न.

दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. मित्रांनी साहाय्य देऊ केले. स्कॉटने दोन्ही नाकारले. सावकारांनी विश्वस्त नेमावेत, आपण लिहीत जाऊ आणि येईल तो पैसा त्यांच्या हाती देऊ, एवढेच त्याने मागितले. एडिंबरोतील राहते घर विकले. ‘वुडस्टॉक’ ही कादंबरी तेव्हा अर्धी लिहून झाली होती. अनर्थाची वार्ता आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने तिचे पान पुढे चालू केले. मे महिन्यात शार्लट अत्यवस्थ झाली. न्यायालयाच्या कामासाठी त्यास एडिंबरोस जाणे प्राप्त होते. निघताना ती झोपली होती, म्हणून निरोप घेणे झाले नाही. चार दिवसांनी, १५ मे १८२६ रोजी, ती वारली आणि तो तेथे नव्हता. हे आम्ही सांगितले तेव्हा सौभाग्यवती काही वेळ बोलल्या नाहीत.

तिच्यामागे नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र लिहिले गेले. त्याचे १८,००० पौंड आले. दोन वर्षांत सुमारे ४०,००० पौंड सावकारांकडे गेले. १८२७ साली एका मेजवानीत त्याने ‘वेव्हर्लीचा कर्ता’ मीच, असे प्रकट केले. हिशेबाच्या वह्या विश्वस्तांपुढे गेल्यावर गुप्तता उरलीच कोठे होती? १८२९पासून सर्व कादंबऱ्यांची टीपांसह नवी मासिक आवृत्ती निघू लागली. दर खंडास पाच शिलिंग. तेव्हा नव्या कादंबरीस दीड गिनी पडे. स्वस्त झाल्याबरोबर मध्यम स्थितीची कुटुंबे गिऱ्हाईक झाली आणि आवृत्ती हजारोंनी खपली. तात्पर्य, ऋणकोच्या संकटातून सामान्य वाचकाचे ग्रंथालय जन्मास आले.

येथे एक प्रश्न सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही. हे सर्व सत्त्व खरे. परंतु हे ऋण आले कोठून? जमिनीच्या हव्यासातून. शिवाय १८२५ साली मुलाच्या विवाहप्रसंगी स्कॉटने ही वास्तू त्याच्या नावे करून ठेविली होती, त्यामुळे सावकारांचा हात तिथवर सहज पोहोचेना. तेव्हा हा धर्मराज की घर राखू पाहणारा धूर्त गृहस्थ? आमच्या वडिलांनी आजोबांच्या नावावरचे कर्ज आपल्या तुटपुंज्या पगारातून सतरा वर्षे फेडले. आजोबांनी ते कर्ज माडीवर माडी चढविण्यासाठी काढले होते. वडील त्या हव्यासाची भलावण कधी करीत नसत आणि फेडण्याची बढाईही मारीत नसत. हप्त्याची तारीख तेवढी चुकू देत नसत. त्यावरून आम्हांस असे वाटते की, मनुष्य ऋण कशासाठी काढतो यावरून त्याची हौस कळते. ते तो कसे फेडतो यावरून त्याचे शील कळते. दोन्ही एकाच मनुष्याची असू शकतात. सावकारांनीही तसेच मानले असावे. कारण १८३०च्या डिसेंबरात त्यांनी होऊन येथील ग्रंथ व सामानसुमान स्कॉटला परत बहाल केले.

ज्या खोलीत हे ऋण फिटत होते ती अभ्यासिका लहानशीच आहे. एक मेज, एक चामड्याची खुर्ची, भिंतीभर पुस्तके आणि वरच्या सज्ज्यातून शयनगृहाकडे जाणारी वाट. पहाटे कोणाची झोप न मोडता खाली उतरता यावे म्हणून. १८३०पासून त्यास अर्धांगाचे झटके येऊ लागले. वैद्यांनी लेखन वर्ज्य केले. त्याने ऐकले नाही. १८३१ साली सरकारने हवापालटासाठी आरमारी जहाज दिले आणि तो माल्टा, नेपल्सपर्यंत गेला. पुढल्या जुलैत परतल्यावर त्याने या मेजापाशी नेण्यास सांगितले. हाती लेखणी दिली. बोटे मिटेनात आणि लेखणी कागदावर गळून पडली, असे जावई लॉकहार्ट याने लिहून ठेविले आहे. २१ सप्टेंबर १८३२ रोजी, नदीकडे तोंड असलेल्या भोजनगृहात, त्याचा अंत झाला. विम्याचे २२,००० पौंड आले, पुढे ग्रंथांचे हक्क विकले गेले आणि १८४७ साली ऋण निःशेष फिटले.

हिंदुस्थान स्कॉटने पाहिला नव्हता. तरी १८२७ सालच्या ‘द सर्जन्स डॉटर’मध्ये त्याने हैदरअलीचा दरबार रंगविला. येथे राहून गेलेल्या शेजारच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्याने माहिती मिळविली होती. बंकिमचंद्रांना बंगालचे स्कॉट म्हणत. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चाही स्कॉटच्या नावावाचून क्वचितच पुरी होते. आज मात्र त्याच्याच देशात त्यास वाचणारे थोडे उरले आहेत. उपाहारगृहात चहाचे पैसे देताना चिरंजीवांनी बँक ऑफ स्कॉटलंडची नोट काढली. तीवर स्कॉटचीच मुद्रा. १८२६ साली, स्वतः बुडालेला असताना, त्याने स्कॉटिश पेढ्यांचा लहान नोटा काढण्याचा हक्क पत्रे लिहून राखला, त्याची ही कृतज्ञता. सबंध देशाचा नामांकित ऋणको चलनावर विराजमान आहे!

महाभारतात यक्षाने सुखी कोण असे विचारले असता, जो अनृणी व अप्रवासी, म्हणजे ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्यास परमुलखी राहावे लागत नाही, तो, असे धर्मराजाने उत्तर दिले आहे. नेपल्सला असताना स्कॉट अनृणीही नव्हता आणि अप्रवासीही नव्हता. परंतु शेवटच्या महिन्यांत, मेंदू थकल्यामुळे म्हणा, आपले ऋण सर्व फिटले असा त्याचा ग्रह होऊन बसला होता. कोणी तो दूर केला नाही. त्यातच त्यास आपले घर, आपली नदी दिसली. धर्मराजाच्या व्याख्येतले सुख त्यास असे दोन महिने मिळाले. पुढे पंधरा वर्षांनी त्याच्या पुस्तकांनीच तो भ्रम खरा करून दाखविला.