मधला कागद

सर्टिफिकेटची एरर म्हटली की सगळे आधी मुदत तपासतात. पण मुदत शिल्लक, नावही बरोबर आणि तरी एरर, हा प्रकार जास्त छळतो.

मागच्या सुट्टीत दुधनीला हेच बघायला मिळालं. मित्राचं आडत दुकान आहे, रोजचे तुरीचे भाव तो वेबसाइटवर टाकतो. "काय बे, माझ्या लॅपटॉपवर तर उघडतंय! ज्यांच्या मोबाईलवर इशारा येतो त्यांना सांगतो, बिनधास्त पुढे जा."

ओपनएसएसएलने पाहिलं, तर सर्व्हर एकच सर्टिफिकेट पाठवत होता. मधलं, म्हणजे इंटरमीडिएट, गायब!

बाजारातलंच उदाहरण घ्या. शेतकरी आडत्याला ओळखतो. नव्या खरेदीदाराच्या चिठ्ठीवर सही मात्र दिवाणजीची. हा दिवाणजी आडत्याचाच, असं सांगणारा कागद नसेल तर शेतकरी माल कशाला देईल? ब्राउझरचंही तसंच. तो फक्त 'रूट' संस्थांना ओळखतो. क्रोमसारखे काही ब्राउझर मधला कागद स्वतः शोधून आणतात, सगळे आणत नाहीत. म्हणून एकीकडे चालतं, दुसरीकडे नाही.

उपाय पाच मिनिटांचा. आपल्या सर्टिफिकेटखाली त्याच फाइलमध्ये मधलं सर्टिफिकेट जोडलं, एनजिनएक्स रीलोड केलं, झालं.

काळजी त्या 'बिनधास्त'ची वाटते. उद्या कुणी त्या साइटचं सोंग घेतलं, तरी इशारा असाच येणार आणि सवय लागलेली माणसं तशीच पुढे जाणार.

सीए/ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असेल. हाताने फाइली चिकटवणं तेव्हा परवडणार नाही. ते काम सर्टबॉटवर सोपवा. आणि इशारा आला की थांबायचं, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.