टपालविमानाचा आधारदांडा

भारतातील पहिल्या विमानटपालाविषयी या अंकासाठी लिहावे, त्यात जे. आर. डी. टाटांच्या साहसाचे वर्णन यावे आणि सामान्य वाचकाला न झेपणारा यंत्रतंत्राचा तपशील शक्यतो टाळावा, अशी संपादकमहाशयांची इच्छा आहे. तिच्यातील शेवटची अट पूर्णपणे पाळणे मला शक्य होणार नाही, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो. कारण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तुटलेल्या धातूची परीक्षा करण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला त्या उड्डाणाची कथा विमान वगळून सांगणे म्हणजे अर्धी कथा सांगणे वाटते, आणि वगळलेला अर्धा भागच अधिक मोलाचा आहे अशी माझी खात्री आहे.

घटना सर्वश्रुत आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सुमारे 25 किलो टपाल घेऊन एकटेच निघाले; अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या चार-चार गॅलनच्या डब्यांतले पेट्रोल त्यांच्या विमानात भरण्यात आले, आणि दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने मद्रासचे टपाल घेऊन पुढे गेले व बेल्लारीस रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. विमानात बिनतारी संदेशाची सोय नव्हती. नदी, रेल्वेचा रूळ आणि डोंगराची धार हेच वैमानिकाचे वाटाडे. हे उड्डाण देशातील पहिले विमानटपाल मात्र नव्हे. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादेच्या प्रदर्शनात आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली होती, आणि 1920 च्या आरंभी मुंबई व कराची यांच्या दरम्यान लष्करी विमानांनी काही आठवडे टपाल वाहिले होते. टाटांचा मान निराळा व अधिक कठीण आहे: ठरलेल्या वारी, ठरलेल्या मार्गाने, सरकारी अनुदानाचा आधार न घेता टपाल नेण्याचा करारनामा एप्रिल 1932 मध्ये त्यांनी केला, आणि तो पाळून दाखविला.

आमच्या भागातील वाचकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. नकाशावर जुहू आणि बेल्लारी यांच्यामध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती सह्याद्री ओलांडून भोर-पुरंदरच्या डोंगरांवरून येते, वडूज व विटे यांच्या आसपासच्या माळांवरून उतरते आणि कवठेमहांकाळच्या बाजूने पुढे कर्नाटकात शिरते. कुपवाडपासून ती फार तर 35-40 किलोमीटर ईशान्येला राहते. सातारा व सांगली जिल्ह्यांचा जो कोरडा, पूर्वेकडचा, दुष्काळाच्या नोंदींखेरीज सरकारी दप्तरात फारसा न डोकावणारा मुलूख, तो टाटांच्या नियमित हवाई टपालाच्या सरळ वाटेखाली होता. पुढे बेल्लारीऐवजी हैदराबादचा थांबा आला आणि ही वाट सुटली. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून विमाने पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलविली जात, हेही या इतिहासातील आपल्या प्रांताचे एक दालन.

आता विमानाकडे वळतो. दि हॅविलंड कंपनीचे ‘पुस मॉथ’ हे एक पंखजोडीचे, बंद खोलीचे, दोन-तीन माणसे बसतील एवढे छोटे यान होते. पंखांचा विस्तार सुमारे 11 मीटर. भरलेले वजन सुमारे 930 किलो, म्हणजे आजच्या एका मध्यम मोटारगाडीपेक्षाही कमी. आणि 120 अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन उलटे बसविलेले, म्हणजे दंडगोल खाली व भुजादंड वर, जेणेकरून वैमानिकाला समोरचे नीट दिसावे. सांगाडा पोलादी नळ्या वेल्ड करून जोडलेला, पंख लाकडी, आणि सर्वांवर कापडाचे आच्छादन. उतरताना वेग आवरण्यासाठी चाकांच्या पायांवरील आवरणेच आडवी फिरवून हवेला अडवायची, ही त्यातील युक्ती मला आजही अत्यंत देखणी वाटते. तासाला सुमारे शंभर मैलांच्या वेगाने जाणारे हे यान लांबच्या पल्ल्यासाठी जगभर विख्यात झाले. ऑगस्ट 1932 मध्ये जिम मॉलिसन यांनी आत जादा टाक्या बसविलेल्या पुस मॉथमधून अटलांटिक महासागर पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने प्रथमच ओलांडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एमी जॉन्सन याच जातीच्या विमानाने इंग्लंडहून सव्वाचार दिवसांत केपटाउनला पोहोचल्या.

आणि याच काळात, याच जातीची विमाने हवेत मोडत होती.

ही बाब आमच्याकडच्या गौरवलेखांत कोठेही येत नाही, म्हणून ती विस्ताराने मांडतो. मे 1931 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ड्राकेन्सबर्ग पर्वतात ग्लेन किडस्टन यांचे पुस मॉथ कोसळले. किडस्टन हे कच्चे वैमानिक नव्हते, आदल्याच महिन्यात त्यांनी इंग्लंड ते केपटाउन हा विक्रम केला होता. जुलै 1932 मध्ये इंग्लंडात सरे परगण्यात एक पुस मॉथ हवेतच तुटले व आतील तिघेही दगावले. सप्टेंबर 1932 मध्ये ऑस्ट्रेलियात बायरन बे येथे आणखी एक पडले. त्यात प्रवासी म्हणून बसलेले लेस होल्डन हे त्या देशाचे नामांकित वैमानिक मृत्यू पावले. कराचीचे उड्डाण यानंतर महिन्याच्या आत झाले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. टाटा आणि व्हिन्सेंट ज्या यंत्रात बसले, त्याच्या जातीविषयीचा संशय तेव्हा फिटलेला नव्हता.

प्रारंभी संशयाचा रोख वादळी हवेकडे आणि वैमानिकांच्या अतिवेगाकडे वळला. तो सर्वस्वी निराधार नव्हता, कारण अपघात खवळलेल्या हवेत घडत होते. परंतु खवळलेल्या हवेत इतर जातींची विमानेही उडत होती, मग हेच का मोडावे, या प्रश्नाला त्या उत्तरात जागा नव्हती. फार्नबरो व टेडिंग्टन येथील संशोधकांनी जो शोध घेतला, त्याचे सार माझ्या समजुतीप्रमाणे असे सांगता येईल. या विमानाचे पंख खोलीच्या छताशी जोडलेले असतात आणि प्रत्येक पंखाला खालून दोन तिरपे आधारदांडे असतात, एक पुढच्या तुळईला, एक मागच्या. शांत उड्डाणात पंख वर उचलला जाऊ पाहतो, म्हणून दांडे ताणाखाली असतात; आणि ताणाखालचा दांडा सहसा दगा देत नाही. पण वेगाने जात असता वरून खाली येणारा झोत पंखावर आदळला, की क्षणभर भार उलटतो, पंख खाली दाबला जातो आणि दांड्यावर ताणाऐवजी दाब येतो. वेळूची लांब काठी ओढून तुटत नाही, परंतु तिची दोन्ही टोके एकमेकांकडे रेटली तर ती मध्यावर लचकते. पुढचा दांडा लांब व सडपातळ असल्याने त्याचे नेमके हेच होत असे. दांडा लचकला की पंखाची पुढची कड मोकळी होते, पंख पिळवटतो, पिळवटलेल्या पंखावर हवेचा भार आणखी वाढतो, वाढलेल्या भाराने पीळ वाढतो, आणि हे सर्व इतक्या अल्पावधीत घडते की वैमानिकाच्या हातात करण्यासारखे काही उरत नाही.

त्यावरील उपाय पाहिला म्हणजे मन भरून येते. पुढच्या आधारदांड्याच्या मध्यावर एक छोटा जादा दांडा जोडण्यात आला. लचकण्याला मोकळी असलेली लांबी त्यामुळे निम्मी झाली, आणि दाबाखालच्या दांड्याची लांबी निम्मी केली की त्याची लचकण्याविरुद्धची शक्ती चौपट होते, हे अठराव्या शतकात ऑयलर यांनी गणिताने सिद्ध करून ठेवलेच होते. चार पौंडांचाही नसेल असा तो तुकडा. त्याचा पुतळा कोठे उभारला गेल्याचे ऐकिवात नाही, परंतु लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाच्या इतिहासात त्याचे स्थान कोणत्याही विक्रमवीराच्या शेजारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे इतके आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील एका कारखान्यातून (नाव सांगणे उचित नाही) तुटलेला एक दांडा माझ्याकडे तपासणीसाठी आला. यंत्रावरील पोराने मर्यादेबाहेर भार दिला, हा निष्कर्ष सोबतच्या पत्रात आधीच लिहिलेला होता. माझ्याकडून अपेक्षा होती ती केवळ सहीशिक्क्याची. तुटलेल्या पृष्ठावर भिंगाखाली एकामागून एक कमानदार रेषा स्वच्छ दिसत होत्या. अतिभाराने एका झटक्यात तुटलेल्या पोलादावर अशा रेषा कधीही उमटत नाहीत. तडा हजारो आवर्तनांत थोडा-थोडा पुढे सरकत गेला, याची ती नोंद असते, आणि या नोंदीचा उगम वेल्डच्या कडेला राहिलेल्या एका खाचेत होता. पुस मॉथचा दोष लचकण्याचा, हा दोष थकव्याचा. दोन्ही भिन्न आहेत, पण दोन्हींत माणसाला दोषी धरण्याची घाई एकच. मी जे दिसले ते लिहून दिले. अहवाल दप्तरी दाखल झाला. पोराची नोकरी त्यापूर्वीच गेली होती, आणि ती त्याला परत मिळाली नाही. हे शल्य अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही.

लोकांच्या समजुतींविषयीही माझी तक्रार आहे. विमानविद्येचा विषय निघाला की सुशिक्षित माणसेसुद्धा मला 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडविल्याची हकीकत ऐकवितात. तिला समकालीन विश्वसनीय पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्यातील याने उडूच शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्येच सप्रमाण दाखविले आहे. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर अप्रमाणित यश चढविणे मला अनुचित वाटते. याहून क्लेशकारक प्रकार म्हणजे अपघातानंतरचा न्यायनिवाडा. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेत विमान कोसळून 260 जीव गेले, तेव्हा ढिगारा निवण्यापूर्वीच आमच्या गावच्या चहाच्या टपऱ्यांवरून फैसले होऊ लागले आणि अनेकांनी मला दूरध्वनी करून कसूर कोणाची ते एका वाक्यात सांगा म्हणून आग्रह धरला. एका वाक्यात सांगता येईल अशी कसूर माझ्या उभ्या व्यवसायात मला क्वचितच आढळली आहे.

टाटांच्या सेवेने पहिल्या वर्षात 1,60,000 मैलांचे उड्डाण केले, 155 प्रवासी आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले, वेळेच्या काटेकोरपणाबद्दल सरकारी अहवालाची प्रशंसा मिळविली, आणि सुमारे साठ हजार रुपयांचा नफा दाखविला. 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी कराची-मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती ‘लेपर्ड मॉथ’ या त्याच कुळातील विमानाने केली. व्हिन्सेंट यांना ते भाग्य लाभले नाही. 1942 मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांचे विमान नाहीसे झाले. मद्रासपर्यंतचा निम्मा मार्ग ज्यांनी उडविला आणि या उपक्रमाची मूळ कल्पना ज्यांची, त्या व्हिन्सेंट यांचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवे.

शेवटी आमच्या कुपवाड, मिरज व माधवनगरच्या कारखानदार बंधूंना एक विनंती. तुमच्या यंत्राचा एखादा भाग तुटला, तर तुटलेली तोंडे पुन्हा एकमेकांवर बसवून पाहू नका. त्याने पृष्ठावरील खुणा पुसल्या जातात. ती पॉलिश पेपरने घासू नका, पाण्याने धुऊ नका, बोटे लावू नका. दोन्ही तुकडे कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळा, त्यांवर दिनांक व यंत्राचा क्रमांक लिहा आणि तपासणीस पाठवा. आणि तो अहवाल हाती येईपर्यंत यंत्रावरील माणसाला कामावरून काढू नका.