वाहते मन

एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी मराठी भाषेत नावांची वाण नाही. कोणी त्याला अवखळ म्हणतो, कोणी द्वाड, कोणी धांदरट, तर कोणी विसरभोळा. कोल्हापुरात तर 'लई वांड पोरगं' एवढ्या तीन शब्दांत त्याचा निकाल लागतो. या नावांपैकी काही लाडाची आहेत, काही रागाची आहेत; परंतु मूल असे का वागते, हे त्यांतील एकही नाव सांगत नाही.

अशा एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. वय बारा वर्षांचे, घर रंकाळ्याच्या बाजूला. सकाळी आई सांगते, "बाळ, दात घास, आंघोळ कर, दप्तर भर आणि डबा घे." पहिले काम होते. दुसऱ्याकडे वळताना खिडकीत चिमणी दिसते आणि उरलेली कामे मनातून पुसली जातात. वर्गात गुरुजी पंचगंगेत मिळणाऱ्या नद्यांची नावे सांगत असतात: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवे नाव येईपर्यंत त्याचे मन रस्त्यावरच्या रिक्षामागे निघून गेलेले असते. गणिताची रीत त्याला येते. पण अधिकाच्या जागी उणे वाचल्यामुळे उत्तर चुकते. गृहपाठ केलेला असतो; पण वही घरीच राहते. संध्याकाळी मात्र तोच मुलगा सायकलीची निसटलेली साखळी बसविण्यात तहानभूक विसरतो. ते पाहून घरची माणसे म्हणतात, "मनात आणलं तर याला सगळं जमतं. अभ्यासाचाच तेवढा कंटाळा!"

समजुतीची चूक होते ती येथेच. या मुलाजवळ लक्ष नसते असे नाही. ते हवे तेव्हा, हवे तिकडे वळविणे त्याला कठीण जाते. विचारांना क्रम लावणे, आलेली ऊर्मी क्षणभर थोपविणे, हाती घेतलेले काम ध्यानात ठेवणे, ही मुख्यतः मेंदूच्या पुढील भागाची कामे. काही मुलांमध्ये ही व्यवस्था निराळ्या रीतीने आणि काहीशी सावकाश वाढते. वैद्यकशास्त्रात या स्थितीला 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर', थोडक्यात एडीएचडी, असे म्हणतात. जगातील अभ्यासांवरून पाहता शंभर मुलांत साधारणतः पाच मुले अशी असतात. म्हणजे मोठ्या वर्गात एकदोन तरी असावयाचीच. ही स्थिती पुष्कळदा घराण्यातून येते. ती आळसामुळे जडत नाही आणि आईबापांच्या लाडामुळेही उद्भवत नाही. सर्वच मुले धावपळ करतात असेही नाही. खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसलेली एखादी मुलगी याच अडचणीत असते. पण ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

ही गोष्ट आजकालची नव्हे. अलेक्झांडर क्राइटन या वैद्याने १७९८ साली अशा अस्थिर मनाचे वर्णन लिहून ठेवले. पुढे १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये वैद्यांपुढे व्याख्याने देऊन अशा मुलांची हकीकत सांगितली. मुलांची बुद्धी चांगली असूनही त्यांना स्वतःस आवरता येत नाही, हे त्यांनी अचूक टिपले. परंतु त्यांनी तो नैतिक संयमाचा दोष मानला. त्यानंतर शास्त्र बरेच पुढे आले. लोकांची जीभ मात्र अनेकदा १९०२ सालीच अडकून राहिलेली दिसते.

त्या जिभेने होणारे नुकसान वही विसरण्याहून मोठे आहे. 'बेफिकीर', 'निष्काळजी' हे शब्द दररोज कानी पडले, म्हणजे मूल प्रथम रडते, मग चिडते आणि शेवटी ते शब्द खरे मानू लागते. जे मूल 'मी असाच' असे मनाशी ठरविते, ते प्रयत्न करणेच सोडून देते. विसरलेली वही दुसऱ्या दिवशी आणता येते. गेलेला आत्मविश्वास इतक्या सहजी परत येत नाही.

म्हणून प्रत्येक चंचल मुलाला हे नाव चिकटवावे काय? मुळीच नाही. चंचलपणा हा बालपणाचा धर्मच आहे. वयाच्या बारा वर्षांपूर्वीच दिसू लागलेली, घरी आणि शाळेतही आढळणारी, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारी आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी लक्षणे असतील, तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. निदान त्यांनीच करावे. औषधांची गरज आहे की नाही, हेही त्यांनीच ठरवावे.

रोजचे व्यवहार सुकर करणे मात्र घराच्या आणि शाळेच्या हाती आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत अनेक फौंड्र्या आहेत. तेथे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. वितळलेले लोखंड वाहणारच; त्याच्यावर रागावून ते थांबत नाही. साचा तयार असला, म्हणजे त्याच लोखंडातून यंत्राचा भक्कम भाग तयार होतो. वाहत्या मनालाही असाच बाहेरचा आधार लागतो. सकाळची चार कामे कागदावर लिहून तो दारावर लावावा आणि झालेल्या कामावर मुलाने स्वतः खूण करावी. दप्तर रात्रीच भरून उंबऱ्याशी ठेवावे. किल्लीला एकच खुंटी असावी. घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटे अभ्यास करावा, मग पाच मिनिटे हातपाय मोकळे करावेत. एकदम वीस उदाहरणे न देता पाच-पाच द्यावीत. थेंबे थेंबे तळे साचतेच. वर्गात त्याला पुढचा बाक द्यावा आणि मधूनच फळा पुसण्याचे काम सांगावे. तालमीत वस्ताद पठ्ठ्याकडून ठरल्या वेळी, मोजून बैठका काढून घेतात. तसा नियमित व्यायामही अशा मुलांच्या उपयोगी पडतो.

योग्य आधार मिळाल्यास काय घडू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. जलतरणपटू मायकेल फेल्प्स नऊ वर्षांचा असताना त्याला एडीएचडी असल्याचे निदान झाले. त्याची आई शिक्षिका होती. त्याला वाचनाचा कंटाळा येई, तेव्हा ती त्याच्या हाती वर्तमानपत्रातील खेळांचे पान देई. तलावावरच्या ठराविक वेळांनी त्याच्या दिवसाला शिस्त लाभली. २००४ ते २०१६ या काळातील चार ऑलिंपिक स्पर्धांत मिळून त्याने २८ पदके मिळविली. त्यांतील २३ सुवर्णपदके होती. प्रत्येक मुलाला पदक मिळेल असे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. चंचल मन म्हणजे निकामी मन नव्हे, एवढे यावरून कळले तरी पुरे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेविला. प्रत्येक मूल शाळेच्या दारी यावे, हा त्यामागचा हेतू होता. दारी आलेले प्रत्येक मूल आत रमावे, हे काम आजच्या पिढीचे आहे. त्यात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सोबत्याचाही वाटा आहे. वही विसरणाऱ्या मित्राला हसणे सोपे असते. आदल्या संध्याकाळी त्याला वहीची आठवण करून देण्यास मात्र थोडा विवेक आणि पुष्कळ माया लागते.