दोन आसनांची गाडी

धर्मगुरूने मोटारगाडी बाळगावी की नाही, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. मराठवाड्यात आपली कुटुंबे दूरदूरच्या गावांतून विखुरलेली आहेत. एका रविवारी दोन ठिकाणी मिस्सा अर्पण करावयाची, तर वाहन लागतेच. प्रश्न उरतो तो कोणती गाडी, एवढाच. गेल्या वर्षी तो माझ्यापुढे अगदी अनपेक्षित रूपात उभा राहिला. वास्कोला स्थायिक झालेले माझे मावसभाऊ प्रभुघरी गेले, आणि महिन्याच्या मिस्सेनंतर वहिनी मला म्हणाल्या, “फादर भाऊजी, ह्यांची गाडी तुम्हीच घ्या. परक्याच्या हाती द्यायला जीव होत नाही.”

ही गाडी म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली ही छोटी स्पोर्ट्स कार आजच्या तरुण वाचकांना ठाऊक असण्याचा संभव कमी. दोनच आसने, उघडता येणारे कापडी छत, फायबरग्लासचा सांगाडा, आणि पुढे रेनो कंपनीचे सुमारे साडेअकराशे सीसीचे इंजिन. शक्ती साठ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे वेगाच्या दृष्टीने आजची साधी कौटुंबिक गाडीही तिला मागे टाकील. पण भावाने ती लेकरासारखी सांभाळली होती. प्रत्येक तेलबदलाची तारीख त्यांनी वहीत लिहिलेली होती. एकदा छत उघडून जुवारीच्या पुलावरून त्यांनी मला पणजीला नेले होते. खाली नदी, अंगावर खारा वारा आणि शेजारी अखंड गप्पा मारणारा भाऊ. गाडी नको म्हणणे मला सोपे नव्हते, ते यामुळे.

शिवाय वहिनींनी सांगितलेली किंमत होती अवघी दीड लाख रुपये. वडिलोपार्जित वाडीच्या विक्रीतून माझ्या वाट्याला आलेली रक्कम बँकेत पडून होती. डायोसिझन धर्मगुरू हे संन्यस्त संघातील धर्मगुरूंप्रमाणे दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. स्वतःची मालमत्ता बाळगण्याची त्यांना मुभा असते. मात्र 1983 च्या धर्मसंहितेचा 282 वा नियम त्यांना साधेपणाने जगण्यास आणि बडेजावाचा वास येईल अशा गोष्टींपासून दूर राहण्यास सांगतो. मुभा आणि मर्यादा अशा एकाच घरात नांदतात. निर्णय ज्याचा त्याने करावयाचा.

मी प्रथम गाडीचा व्यावहारिक विचार केला. फायबरग्लास गंजत नाही हे खरे. पण त्याखालची लोखंडी चौकट गंजते, आणि समुद्रकाठच्या हवेत तर हटकून. ती खड्ड्यावर चढवून खालून पाहावी लागते. गाडी कमी चालली आहे हा गुण मानतात, पण रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत, वर्षे तेवढी कळतात. पट्टे, नळ्या, टायर उभ्या जागी म्हातारे होतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते पाहिले म्हणजे नक्षी शाबूत असलेला टायरही किती जुना आहे ते समजते. या गाडीचे उत्पादन थांबले असल्याने सुटा भाग मिळविणे हे एक व्रतच. कागदपत्रांचा प्रवास निराळा: गोव्यातील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी आणि कर, पंधरा वर्षे उलटून गेलेली म्हणून योग्यता तपासणी, आणि वर पर्यावरण कर. एवढे करूनही गाडी घेता आली असती. अडचणी म्हणजे उत्तर नव्हे.

देवणीला मात्र तिचा विचार दुसऱ्याच भाषेत झाला. हे गाव आपल्या नावाच्या गोवंशासाठी प्रसिद्ध आहे. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा रंगभेदांनी ओळखले जाणारे हे जनावर दूधही देते आणि नांगरही ओढते. वापरलेली वस्तू पारखण्याचे शास्त्र इथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तो बैलाचा ओठ उचलून दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, आणि चार पावले चालवून बघितल्याशिवाय उपरण्याखाली बोटांचा सौदा करीत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याला मी गाडीचे छायाचित्र दाखविले. सारे गावच त्यांना म्हातारबा म्हणते. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “जनावर लाखात एक हाय, फादर. पण तुमच्याकडं त्याला काम काय?”

मी म्हणालो, “तुमच्या दावणीला वळू आहे, त्याला तरी काय काम? तो नांगर ओढत नाही. पेंड मात्र सगळ्यांत जास्त खातो.”

“खातो की,” ते हसले, “पण गावातल्या गाया त्याच्याकडं येत्यात. अन् बिनकामाचा बैल बांधून ठिवला, तर दावणीलाच बिघडतो.”

प्रश्न सौंदर्याचा किंवा चैनीचा नव्हताच. सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकविताना हे सांगितले होते की विनोद, खेळ, विरंगुळा यांनाही सद्गुणात स्थान आहे. त्यात जसा अतिरेक वाईट, तसा त्यांचा संपूर्ण अभावही दोषच. म्हणून ‘आनंद देते, सबब त्याज्य’ असे म्हणण्याची माझी तयारी नाही. परंतु येथील रस्ते काळ्या मातीवर बांधलेले. पावसाळ्यानंतर ते लाटांसारखे वरखाली होतात. उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले चर वेगळेच. जमिनीला पोट टेकणारी ती गाडी वर्षातील बहुतेक दिवस छपरीत उभी राहिली असती. आणि दुसरे असे की रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावते, ते बहुधा उदगीरला किंवा लातूरला दवाखान्यात नेण्यासाठी. रुग्ण, त्याची आई, आणि दिवा धरणारा शेजारी. दोन आसनांत यांना कुठे बसवावे? माझी जुनी जीप आता चढाला धापा टाकते, ही गोष्ट म्हातारबांनी सौजन्याने उच्चारली नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात अशा गाड्यांचे दाखले आहेत. 1964 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. त्यांच्यासाठी भेट आलेली पांढरी लिंकन गाडी जाताना त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदर तीत बसून फिरल्या नाहीत. सोडत काढून आलेला पैसा त्यांनी कुष्ठरुग्णांच्या शांतिनगरासाठी लावला. 2017 च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांना लॅम्बोर्गिनी हुराकान भेट मिळाली. त्यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली, आशीर्वाद दिला आणि ती लिलावात पाठविली. 2018 मध्ये तिचे सात लाखांहून अधिक युरो आले. त्यांतील वाटा इराकमधील निनवेच्या मैदानात उद्ध्वस्त झालेल्या ख्रिस्ती वस्त्या उभारण्यासाठी होता. याच पोप महोदयांनी जुलै 2013 मध्ये सेमिनरीतील विद्यार्थ्यांना सांगितले होते की कामासाठी गाडी हवी, पण ती साधी असावी.

हे दाखले वाचताना माझे लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे गेले. या दोन्ही प्रसंगी गाडीची पूर्ण किंमत वसूल झाली होती, आणि ती गरजूंच्या हाती पडली होती. माझ्या प्रसंगात गरजू कोण? मी नव्हे. दीड लाख ही किंमत वहिनींनी प्रेमापोटी सांगितली होती. निवृत्तिवेतन तुटपुंजे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकललेली. दिराच्या झग्याकडे पाहून विधवेने जी किंमत कमी केली, ती मी मान्य करणे म्हणजे तिच्याकडून देणगी घेणे होते. आणि तीही माझ्या हौशीसाठी. ही गोष्ट ध्यानात आल्यावर तोवरचे सगळे हिशेब गौण ठरले.

मी वहिनींना फोन केला आणि सरळ सांगितले, “गाडी मी घेत नाही. पण ती मी विकून देतो.” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हांला आवडली नाही का?” आवडली, फार आवडली, असे मी सांगितले. ते खरे होते, आजही आहे.

पुण्यातील एका हौशी गृहस्थांनी, ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या चालत्या स्थितीत आहेत, ती पावणेतीन लाखांना घेतली. भावाची वही पाहूनच त्यांनी किंमत वाढविली. नमुना 29 आणि 30 वर सही करताना वहिनींनी एकच गोष्ट मागून घेतली: ती वही. गृहस्थांनी तिची प्रत काढून मूळ वही त्यांना परत केली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली.

माझी रक्कम अजून बँकेतच आहे. येत्या सोमवारी लातूरला सात आसनांची एक वापरलेली गाडी पाहावयास जावयाचे आहे. म्हातारबा बरोबर येणार आहेत, म्हणतात, “दात म्या मोजतो, तुमी कागदं वाचा.”