सुबुद्धीची प्रार्थना

"देवा, त्याला सुबुद्धी दे." इतकी सोज्वळ तक्रार मराठीत दुसरी नसेल. म्हणणाऱ्याचे हात जोडलेले असतात, आणि सुबुद्धी कोणाला कमी पडली आहे हे आधीच ठरलेलं असतं. आमच्या ख्रिस्ती घरात तर कौटुंबिक उपासनेत भांडणातल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतात. न्यूझीलंडला आल्यावरही ती सवय सुटली नाही. धाकट्या भावाचं नाव मी दर रविवारी घेतो. गावच्या सामाईक घरावरून आमचं बोलणं बंद आहे.

तुम्ही टौरंगाला गेलात तर कॅमरन रोडवर गेट पाची टेकडी लागेल. (रस्त्याला नाव हल्ला करणाऱ्या जनरलचं!) २९ एप्रिल १८६४ रोजी इथे सुमारे १,७०० ब्रिटिश सैनिकांसमोर अडीचशेहूनही कमी माओरी होते. दोन्हीकडे ख्रिस्तीच. आदल्या संध्याकाळी ब्रिटिश अधिकारी ज्या मिशनऱ्याच्या घरी जेवले, त्या आल्फ्रेड ब्राउन यांनी इथल्या माओरींमध्ये कित्येक वर्षं काम केलं होतं. त्या रात्री त्यांनी देवाकडे नेमकं काय मागितलं असेल?

लढाईच्या महिनाभर आधी हेनारे तारातोआ या मिशनच्या शाळेत शिकलेल्या माओरीने ब्रिटिशांना नियम लिहून कळवले होते. जखमीला मारणार नाही. बायका-मुलांना हात लावणार नाही. पाद्रीच्या घरात शिरलेला सैनिक हातात बंदूक असली तरी वाचेल. हल्ला फसला, आणि किल्ल्यात पडलेल्या जखमी कर्नल बूथला हेनी ते किरिकारामू हिने पाणी पाजलं. तारातोआ २१ जूनला ते रंगाच्या लढाईत पडला. त्याच्या अंगावर एक कागद सापडला म्हणतात. त्यात प्रार्थना होती आणि रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं वचन: वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, तहानेला असेल तर पाणी दे.

प्रवचनं बहुधा पाण्यापाशी थांबतात. पण वचन पुढे जातं: असं केलंस म्हणजे त्याच्या डोक्यावर जळते निखारे रचशील. टीकाकार म्हणतात, निखारे म्हणजे पश्चात्तापाची जळजळ. असेल. पण भांडणाच्या काळात हे वाचून पाहा. मन पाणी ओलांडून थेट निखाऱ्यांवर जातं. त्याला चटका बसावा, त्याने मान खाली घालावी. 'सुबुद्धी दे' यात हेच तर मागितलेलं असतं.

बूथला सुबुद्धी नको होती, पाणी हवं होतं. मी भावासाठी इतक्या रविवारी मागितलं, त्यात त्याला हवं असलेलं काय होतं, हे शोधायला गेलो तर एकच गोष्ट सापडते, आणि ती देवाकडे नाही, माझ्याकडे आहे. पावसाळ्याआधी त्याला छप्पर दुरुस्त करायचंय, त्यासाठी माझ्या संमतीची सही हवी आहे. कागद मेलमध्ये येऊन पडलाय. सही करून उद्या पाठवतो. सोबत चार ओळी लिहाव्यात असं फार वाटतंय, पण त्या ओळींत निखारेच उतरतील. नुसता कागद पाठवतो.