चाळीखालची गाडी



कांदे बघायला येणारा प्रत्येक जण चाळीच्या खुंटीवरची चार चाकांची गाडी बघतो आणि विचारतो, "नाना, नातवाचं खेळणं का?" मला अजून नातू नाही. गाडी माझी आहे, मीच बनवलीय, पोराच्या मदतीनं. आज तिच्याबद्दलच लिहितो.

गोष्ट २०२३ च्या ऑगस्टपासूनची. १९ तारखेला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, पाठोपाठ लिलाव बंद पडले. माझ्या चाळीत दोनशे क्विंटल उन्हाळ कांदा. सगळे थांबले, मीही थांबलो. २३ तारखेला चांद्रयान उतरलं तेव्हा आम्ही दहा-बारा जण पारावर एकाच मोबाईलमध्ये डोकी घालून बसलेलो. मग त्यातनं सहा चाकांची प्रज्ञान गाडी निघाली. वजन २६ किलो, चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. आमच्यातला एक जण म्हणाला, "चंद्रावरचं दिसतंय, आपल्या चाळीत काय चाललंय ते मात्र दिसंना." हसलो सगळे.

सप्टेंबरच्या शेवटी चाळ फोडली. वरून कांदा सोन्यासारखा, आणि मधले चार कप्पे गेलेले. चाळीस-पंचेचाळीस क्विंटल ट्रॉलीनं उकिरड्यावर टाकला. त्या दोन दिवसांत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

कांदा सडायला लागला की पाणी सुटतं आणि ते खाली गळतं. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतो, खालून हवा खेळावी म्हणून. म्हणजे बातमी पहिल्यांदा खालीच पडते. पण माझी चाळ जुनी, वडिलांनी बांधलेली. दोन पाखी, पूर्व-पश्चिम, चाळीस फूट लांब. खालच्या बाजूनं विटांचं जोतं, हवेला लहान मोऱ्या, आणि दोन्ही टोकांना तेवढं तोंड. कृषीवाले म्हणतील, बांधणी चुकली, खालून चौफेर मोकळी पाहिजे. बरोबर आहे. पण आहे ती अशी आहे. टोकाला वाकून बॅटरी मारली तर पाच-सहा फूट दिसतं. आत सरपटत जायचं तर साप-विंचू, आणि माझी कंबर.

दिवाळीला पोरगा नाशिकहून आला. त्यानं मोबाईलवर एक प्रकार दाखवला, रॉक क्रॉलर म्हणतात. रिमोटवरची हातभर गाडी, पळत नाही, दगडावर चाक ठेवून हळूहळू चढते. जगभर लोक हौसेनं बनवतात. मी म्हटलं, ही चाळीखाली गेली पाहिजे. कारण आमच्या चाळीखाली दगडगोट्यांची भर आहे, वर कांद्याच्या पापुद्र्यांचा थर. बाजारातली खेळण्यातली गाडी आधी घालून बघितली होती. दोन फुटांवर पोट टेकून बसली.

मग सुरू झालं काम. मिनिटाला तीस फेरे फिरणाऱ्या १२ व्होल्टच्या चार गिअर मोटरी, चाकाला एकेक. सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्टीचा. चाकं ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचे तुकडे. नुसता पाईप दगडावर घसरायचा. मग त्यावर जुन्या गादीचा फोम आणि वरून सायकलच्या टायरची खाचांची पट्टी. फोम दबतो, चाक दगडाला धरून बसतं.

दुसरी अडचण अशी, की एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत लोंबायचं. आठवडाभर डोकं खाजवलं आणि उत्तर दारातच उभं होतं. ट्रॅक्टरचा पुढचा आक्स बघा, मधल्या एका पिनवर डुलतो. एक चाक बांधावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. तसाच पुढचा आडवा दांडा एका बोल्टवर डुलता ठेवला. चारही चाकं खाली टेकायला लागली.

तिसरी चूक मात्र माझीच. एका बाजूच्या दोन मोटरी मी एकामागे एक, मालिकेत जोडल्या. एक चाक पापुद्र्यावर घसरलं की तेच भन्नाट फिरायचं आणि दगडावरचं मुकाट उभं. पोरगा म्हणाला, "नाना, ट्रॅक्टर चिखलात फसल्यावर काय होतं?" तेच होतं की! घसरणारं चाक सगळा जोर खातं, म्हणून आपण डिफरन्शियल लॉक दाबतो. मोटरी समांतर जोडल्या, प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळालं आणि लॉक दाबल्यासारखी गाडी चढली. दहावीला विज्ञानात मालिका आणि समांतर जोडणी घोकली होती, ती कामाला आली चाळीस वर्षांनी.

मधे एक ड्रायव्हर जळाला. चाक दगडात अडकलं आणि मी बटण सोडलं नाही. विहिरीतली मोटर जाम झाली की अँपिअर चढतात, तोच प्रकार. आता फ्यूज टाकलाय. बॅटरीचे लिथियम सेल तीन. ते तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचे नाहीत, फुगतात. खर्च जळालेल्या ड्रायव्हरसकट साडेसात हजार.

गाडीवर जुना मोबाईल बांधतो, टॉर्च चालू करून माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल. मागं दोरी. अडकली तर ओढायला. दोरी गुंडाळायला संक्रांतीची आसारी. येवल्याच्या घरात आसारी नाही असं होत नाही. रिमोटवाला चाळीच्या तोंडाशी बसतो. सपाटीवर चाळीस फूट मिनिटभराचं काम, पण दगडातून चार-पाच मिनिटं जातात. पहिल्याच फेरीत बॅटरीच्या उजेडात लांबलचक सापाची कात दिसली. तेव्हापासून आत सरपटायचा विषय घरात निघालेला नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये चाळ भरली. जुलैच्या शेवटी आमची कारभारीण म्हणाली, "अहो, पूर्वेकडच्या दुसऱ्या कप्प्याजवळ वास येतोय." मी म्हटलं, पावसाळी हवा आहे, येणारच. दोन दिवस तिनं परत परत सांगितलं तेव्हा गाडी घातली. दुसऱ्या कप्प्याखाली कोरडं ठणठणीत. मी ऐटीत म्हणालो, बघ. ती म्हणाली, "थांबवू नका, पुढं न्या." चौथ्याखाली दगडावर काळा ओला डाग, त्यावर चिलटं. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, चाळीच्या लांबीनं वाहतं. वास चौथ्यात निघून पुढं सरकत होता. तिचं नाक बरोबर होतं, जागा तेवढी वाऱ्यानं हलवली होती. आणि मी दोन दिवस फुकट घालवले, तेही मशीन हाताशी असताना.

कप्पा उघडला. वर पत्र्याच्या बोल्टचा वायसर गेलेला, थेंब थेंब पाणी थेट कांद्यावर. बारा-तेरा क्विंटलमधले तीनेक गेले. बाकी निवडून, वाळवून वेगळे ठेवले. शेजारचे दोन्ही कप्पे शाबूत निघाले. मागच्या वर्षी अशीच सुरुवात झाली असणार, फक्त कळलं नव्हतं.

एक सांगून ठेवतो, नाहीतर कुणी खर्च करून मला शिव्या घालेल. गाडीला गळणारी सडच दिसते. वरच्या थरातले कोंब, काळी बुरशी, वजनातली घट, यातलं काही खालून कळत नाही. त्याला हात घालूनच बघावं लागतं. आणि ज्यांची चाळ खालून मोकळी आहे त्यांना गाडीची गरजच नाही, वाकून बघा.

आता रिमोट कारभारणीकडे असतो. चार दिवसाआड फेरी मारते, मी आसारी धरून बसतो. परवा तिनंच दाखवलं, पुढच्या डाव्या चाकाची पट्टी निघायला आलीय. कुणाकडे खोल खाचांचं जुनं सायकल टायर पडलं असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.