गोठलेलें घड्याळ

आमच्या घरीं वडिलांच्या वेळचें एक लंबकाचें घड्याळ आहे. किल्ली द्यावयाची राहिली कीं तें थांबतें. पण थांबल्याचें कोणापासून लपवीत नाहीं. कचेरींत मात्र माझी गांठ अशा घड्याळांशीं पडते कीं, आपण थांबलों होतों याची त्यांना स्वतःलाच गंधवार्ता नसते.

कचेरीचे संगणक सांभाळणें हें माझें काम. एका मोठ्या संगणकाच्या पोटांत आठ-दहा आभासी संगणक नांदत असतात. त्यांना ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. चाळींतल्या एका नळावर दहा बिऱ्हाडांनीं पाणी भरावें, तसे ते एकाच यंत्राकडून पाळीपाळीनें काम करवून घेतात. घोटाळा होतो तो येथेंच. ठराविक अंतरानें पडणारे ठोके मोजून जो आभासी संगणक वेळ ठरवितो, त्याला आपली पाळी नसतांना पडलेले ठोके ऐकूं येत नाहींत. तेवढा तो मागें पडतो. त्याला मध्येंच गोठवून ठेवलें, तर जाग आल्यावर गोठविल्या क्षणापासूनच तो दिवस पुढें मोजूं लागतो!

यावर उपाय आहे. डेव्हिड मिल्स यांनीं १९८५ सालीं मांडलेल्या ‘एनटीपी’ या पद्धतीनें संगणक दूरच्या बिनचूक घड्याळांना वरचेवर वेळ विचारतो. चूक बारीक असली तर सेकंदामागें फार तर अर्धा मिलिसेकंद, अशा बेतानें ती भरून काढली जाते. पण आमच्याकडील हा सुधारक मोठा मानी. चूक १००० सेकंदांहून अधिक दिसली, कीं नोंदींत एक ओळ लिहून तो आपलें काम सोडून देतो. एवढी मोठी चूक माणसानेंच पाहावी, असा त्याचा बाणा.

एके सकाळीं जागा अपुरी पडली म्हणून मीं एक आभासी संगणक ३७ मिनिटें गोठविला. अर्ज एका यंत्रावर येत, मंजुरी या दुसऱ्यावर नोंदली जाई. पुढें तपासणींत आढळलें कीं, एक अर्ज ११ वाजून २० मिनिटांनीं आला आणि त्याची मंजुरी झाली ११ वाजून ८ मिनिटांनीं! मंजुरी देणारा कारकून तरुण होता. “साहेब, अर्ज वाचल्यावांचून मीं सही केली नाहीं,” एवढेंच तो म्हणे. वरिष्ठांनीं मला विचारलें, “यंत्र चुकेल काय?” मी ऐटींत म्हणालों, “यंत्राला खोटें बोलण्याचें कारण काय?”

आठ दिवस त्याला कामावरून दूर ठेवलें. नवव्या दिवशीं, दुसरेंच कांहीं शोधतांना, ती ओळ माझ्या दृष्टीस पडली. मीं वरिष्ठांकडे जाऊन सर्व सांगितलें. तीं आठ दिवसांची पायरी चढणें मला किती जड गेलें, तें मीच जाणें.

कारकून कामावर परत आला. आतां त्याच्या टेबलावर एक वही असते. प्रत्येक मंजुरीपुढें तो मनगटावरचें घड्याळ पाहून वेळ लिहितो. परवां मी त्याला म्हणालों, “आतां याची गरज नाहीं हो. यंत्र जागें झालें कीं पहिल्यानें मूळ यंत्राला वेळ विचारतें. तशी व्यवस्था केली आहे.”

“असेल, साहेब,” तो म्हणाला, आणि लिहीत राहिला.